पहिल्यांदाच आर्क्टिकच्या हिवाळ्यात: ट्रोम्सो आणि अबिस्कोची तयारी

मुंबईतून ध्रुवतारा शोधायचा तर उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर, धुरकट हवेत डोळे ताणावे लागतात. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोत तोच तारा जवळपास ७० अंशांवर असतो आणि तो बघायला मान पार मागे टाकावी लागते. आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला असल्याची ही सगळ्यात सोपी खूण. इथे २७ नोव्हेंबरच्या सुमारास मावळलेला सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. भोवती डोंगर असल्यामुळे गावकऱ्यांना तो प्रत्यक्ष दिसेपर्यंत २१ जानेवारी उजाडते.

हा लेख अरोरा, म्हणजे रात्रीच्या आभाळातला ध्रुवीय प्रकाश, बघायला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे: ट्रोम्सो आणि स्वीडनमधलं अबिस्को, मिळून आठ-नऊ दिवस. फिनलंडमधलं रोव्हानिएमी घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. बरोबर लहान मुलं असतील आणि सांताक्लॉजचं गाव दाखवायचं असेल तर जरूर घ्या. पण ते आर्क्टिक वृत्ताला अगदी लागून, म्हणजे अरोराच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिण काठाला आहे. अरोरासाठीच एवढा खर्च करणार असाल तर आणखी वर गेलेलं बरं.

निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. या सहलीत थंडीपेक्षा ढग जास्त नडतात. थंडीवर कपड्यांचा उपाय आहे. ढगांवर मात्र दोनच उपाय चालतात: हातात भरपूर रात्री असणं आणि ऐनवेळी जागा बदलता येणं. सगळी आखणी याच हिशेबाने करायची.

महिना कोणता

अरोरा सप्टेंबर ते मार्चअखेर दिसतो. तो वर्षभर होतच असतो, पण उन्हाळ्यात इथे रात्रच होत नाही. प्रश्न आहे तो बाकी काय बघायचंय याचा.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य नसतो, पण दिवसभर काळोखही नसतो. दुपारी दोन-तीन तास सगळं गाव निळ्या उजेडात असतं आणि दक्षिणेच्या क्षितिजावर गुलाबी-केशरी पट्टा उमटतो. हा उजेड खरोखर बघण्यासारखा आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हेरिंग माशांच्या थव्यांमागे हंपबॅक आणि ऑर्का देवमासे ट्रोम्सोच्या ईशान्येला शेर्वोयजवळच्या फियोर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाड्यांमध्ये, येतात. देवमासे बघायचे असतील तर हाच काळ गाठावा लागतो, कारण फेब्रुवारीत ते निघून गेलेले असतात.

पहिल्या खेपेला आमचा कौल मात्र १५ फेब्रुवारी ते १५ मार्च या महिन्याला. फेब्रुवारीच्या मध्यात ट्रोम्सोत सात-साडेसात तासांचा दिवस मिळतो आणि तो रोज दहाएक मिनिटांनी वाढत जातो. बर्फ भरपूर असतो, कुत्र्यांच्या गाड्या जोरात चालू असतात आणि रात्रही पुरेशी लांब असते. शिवाय विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याशी, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या प्रवाहाशी, जास्त सहज जुळतं, त्यामुळे अरोराची शक्यता थोडी वाढते. भारतातून जाणाऱ्याला आणखी एक फायदा: दिवसाचा उजेड असला की शरीर लवकर रुळतं. पूर्ण अंधारात झोपेचं गणित पार बिघडतं आणि दुपारी दोनलाच डोळे मिटायला लागतात.

मुक्काम: चार रात्री ट्रोम्सो, तीन रात्री अबिस्को

ट्रोम्सो समुद्रकाठी आहे. अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याने वर येत असल्यामुळे इथल्या जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३-४ अंशच असतं आणि फियोर्ड गोठत नाहीत. थंडी सोसवते, पण याच समुद्रामुळे ढगही येतात आणि तीन-तीन दिवस हलत नाहीत.

अबिस्कोचं उलट आहे. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर माण-खटावच्या वाट्याला कोरडं आभाळ येतं, तसंच इथे घडतं. पश्चिमेकडून येणारी ओल नॉर्वेच्या सीमेवरचे डोंगर अडवतात आणि अबिस्को पर्जन्यछायेत राहतं. वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळून पडतो, म्हणजे स्वीडनमधल्या सगळ्यात कोरड्या ठिकाणांपैकी हे एक. समोर ७० किलोमीटर लांबीचं टोर्नेट्रेस्क सरोवर आहे. आजूबाजूला ढग भरलेले असताना त्याच्या वर आभाळाचा मोकळा तुकडा राहिलेला पुष्कळदा दिसतो. बदल्यात थंडी जास्त असते. उणे १५ नेहमीचं आणि उणे ३० ची तयारी हवी.

म्हणून दोन्ही घ्यायचं. एकाच गावात सात रात्री काढण्यापेक्षा दोन वेगळ्या हवामानांत विभागल्या की सगळ्याच रात्री ढगाखाली जाण्याची भीती कमी होते. तीन रात्रींत भागवू, असा विचार करणारे सगळ्यात जास्त निराश होऊन परततात.

प्रवास असा: ऑस्लोहून ट्रोम्सो विमानाने पावणेदोन-दोन तास. ट्रोम्सोहून नार्विक बसने चार-साडेचार तास. नार्विकहून अबिस्को रेल्वेने दीडेक तास, आणि हा रेल्वेमार्ग फियोर्डाच्या कड्यावरून जातो, तेव्हा उजेडातली गाडी निवडा. परतताना मागे न फिरता अबिस्कोहून किरुना आणि तिथून विमानाने स्टॉकहोम. तिकीट काढताना येणं ऑस्लोत आणि जाणं स्टॉकहोमहून, असं एकत्र काढलं तर बहुधा फारसं महाग पडत नाही.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. अबिस्कोला दोन स्टेशनं आहेत: गावाचं अबिस्को ओस्त्रा, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी असलेलं अबिस्को तुरिस्तस्टेशन. अंतर दोनेक किलोमीटरच, पण रात्री नऊ वाजता उणे २० मध्ये चाकांची बॅग बर्फातून ओढत हे अंतर कापणं महाभयंकर. राहण्याची जागा कोणत्या स्टेशनजवळ आहे ते तिकीट काढायच्या आधी बघा. दुसरं म्हणजे, ही लाइन मुळात किरुनाचं लोहखनिज नार्विक बंदरात नेण्यासाठी बांधलेली आहे आणि आजही तिच्यावर अवजड मालगाड्या धावतात. डिसेंबर २०२३ मध्ये मालगाडी घसरल्यावर ती सुमारे दोन महिने बंद राहिली होती. निघण्याच्या आठवड्यात गाड्या चालू आहेत ना हे तपासा, आणि स्टॉकहोममध्ये शेवटची एक रात्र मोकळी ठेवा. वादळात किरुनाचं विमान रद्द झालं तरी भारताचं विमान चुकायला नको.

व्हिसा

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. वरच्या आखणीत नॉर्वे. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. फेब्रुवारीत जायचं असेल तर ऑक्टोबरातच सुरुवात करा, कारण दिवाळीनंतर अपॉइंटमेंट मिळेनाशा होतात. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याखाली माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा लागतो. इथे स्वस्तातली पॉलिसी उचलू नका. स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी स्कूटर) आणि कुत्र्यांच्या गाडीवर झालेली दुखापत पुष्कळ पॉलिसींमधून वगळलेली असते. अटींचं पान उघडून हिवाळी खेळांचा उल्लेख शोधा आणि नसेल तर वेगळं कलम जोडून घ्या.

कपडे: तीन तास उभं राहता आलं पाहिजे

मनालीला गेलो होतो, तेच जॅकेट चालेल ना? चालेल, पण नुसतं जॅकेट पुरणार नाही. हिमालयात आपण चालत असतो, हालचालीने अंग तापतं. अरोरासाठी मात्र रात्री दहा वाजता एका जागी उभं राहायचं असतं, आणि उभ्या माणसाला थंडी खालून, पायातून चढते. म्हणून कपडे निवडताना एकच कसोटी लावा: न हलता तीन तास काढता येतील का?

अंगालगतचा थर मरिनो लोकरीचा. वर आणि खाली, प्रत्येकी दोन जोड पुरेत. लोकरीला वास लागत नाही, आलटून पालटून घालता येतात. सुती बनियन आत घातलात तर सगळं मुसळ केरात. सूत घाम धरून ठेवतं आणि पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. मधला थर जाड फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. अबिस्कोसाठी त्यावर एक हलकं पिसांचं किंवा सिंथेटिक भरणाचं जॅकेट. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा, टोपीसकट, कमरेखाली येणारा, आणि आतले थर दबणार नाहीत एवढा सैल. ऊब कापडात नसते, कापडाने धरून ठेवलेल्या हवेत असते. घट्ट कपडे ती हवाच काढून टाकतात. पायांवरही तीन थर हवेत, आणि हेच बहुतेक जण विसरतात. वर चार आणि खाली एक जीन्स, अशी माणसं तासाभरात गाडीत जाऊन बसलेली दिसतात.

बूट एक नंबर मोठे घ्या. आत एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा घालून बोटं मोकळी हलली पाहिजेत. दोन जाड मोजे कोंबले की रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात. आत लोकरीच्या नमद्याचा जादा तळवा टाका, फरक पहिल्याच रात्री कळेल. गावात चालण्यासाठी बुटांवर चढवायचे लोखंडी काटे लागतात, नॉर्वेत त्यांना ब्रॉडर म्हणतात आणि ते ट्रोम्सोच्या कुठल्याही दुकानात मिळतात. पहिल्याच दिवशी घ्या. समुद्रकाठी तापमान शून्याच्या वर-खाली होत राहतं. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर काचेसारखं गोठतं. या सहलीत मनगटं मोडतात ती डोंगरावर नाही, हॉटेलच्या दारात.

हातांसाठी पातळ लोकरी हातमोजे आणि त्यावर मिटन्स, म्हणजे चारही बोटं एकत्र राहणारे. बोटं एकमेकांना ऊब देतात. कॅमेऱ्याचं बटण दाबायला मिटन काढला तरी आतला मोजा हातात राहतो. उणे २० मध्ये धातूला उघडं बोट लावू नका. हँड वॉर्मरच्या पुड्यांमध्ये लोखंडाची भुकटी असते आणि ती हवेतल्या ऑक्सिजनने तापते. म्हणून वापरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी फोडा. बुटात कोंबलेल्या पुड्या चालत नाहीत अशी तक्रार असते, ती हवा न मिळाल्यामुळे. पायांसाठी वेगळ्या मिळतात, त्या घ्या.

कानटोपी कान झाकणारी, गळ्याभोवती बफ, म्हणजे नळीसारखा कापडी पट्टा. कानातले धातूचे डूल आणि नथ काढून ठेवा. धातू गार होतो आणि त्याला टेकलेली कातडी आधी सुन्न पडते. ओठांना आणि नाकाला तेलकट मलम लावा. कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, इथे उत्तम चालतं: घट्ट असतं, सांडत नाही, आणि त्यात पाणी नसतं.

चालताना घाम यायच्या आधी चेन उघडा. किंचित गार वाटत असतानाच चालायला लागायचं, थांबलात की लगेच वरचं जॅकेट चढवायचं. घामेजून थांबणं ही इथली सगळ्यात महाग चूक.

हे सगळं विकत घ्यायची गरज नाही. कुत्र्यांच्या गाडीवाले, स्नोमोबाइलवाले आणि अरोराच्या सहलीवाले सहसा वरून घालायचा जाड थर्मल सूट आणि बूट देतात. बुकिंग करताना विचारा. थर्मल, मोजे आणि आतले हातमोजे मात्र स्वतःचेच हवेत.

हवामानाच्या अंदाजात तापमानाबरोबर वाराही वाचा. उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी उणे २० सारखी लागते. उणे १५ मध्ये स्नोमोबाइलवर ताशी ४० च्या वेगाने बसलात तर उणे २७ सारखी.

अरोराची रात्र

सूर्याकडून सुटलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात शिरतात आणि ध्रुवांभोवतीच्या कड्यात वरच्या हवेवर आदळतात. १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या अणूंमधून हिरवा प्रकाश निघतो. लाल प्रकाशही ऑक्सिजनचाच, पण २०० किलोमीटरच्या वर: उत्तेजित झालेल्या अणूला तो सोडायला जवळपास दोन मिनिटं लागतात, आणि खालच्या दाट हवेत तेवढ्यात दुसऱ्या अणूची धडक बसून ती ऊर्जा निघून जाते. खालच्या काठाची गुलाबी-जांभळी किनार नायट्रोजनची. हे कोडं नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्केलांडने शतकापूर्वी प्रयोगशाळेत चुंबकीय गोळ्यावर कणांचा झोत सोडून उलगडायला घेतलं. नॉर्वेच्या जुन्या २०० क्रोनरच्या नोटेवर त्याचं चित्र होतं.

आता कामाचं. फोनमधली अरोराची ॲप केपी आकडा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, दाखवतात, ० ते ९. तो कमी दिसला की लोक हिरमुसून झोपतात. तसं करू नका. केपी वाढला की अरोराचं कडं दक्षिणेकडे सरकतं. ट्रोम्सो आणि अबिस्को तर कड्याच्या खालीच आहेत. इथे केपी १ किंवा २ ला सुंदर अरोरा दिसतो. आकड्यापेक्षा ढगांचा नकाशा बघा. नॉर्वेच्या हवामान खात्याचं ‘वाय आर’ ॲप तासातासाचे ढग दाखवतं. आणखी खोलात जायचं असेल तर सौरवाऱ्याचा बीझेड, म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग, बघा: तो उणे असेल आणि तसाच टिकून राहिला असेल, तर अर्ध्या-एक तासात काही घडण्याची शक्यता चांगली. ही मोजमापं पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या यानांकडून येतात, म्हणून तेवढीच आधी सूचना मिळते.

रोजचा क्रम असा ठेवा. दुपारी चारला ढग बघा. ट्रोम्सोत ढग असतील तर गाडीने आभाळ शोधत जाणारी सहल घ्या: हे लोक शिबोतनच्या कोरड्या खोऱ्याकडे, गरज पडली तर फिनलंडच्या सीमेपार किल्पिसयार्वीपर्यंत, १६० किलोमीटर जातात. मोठ्या बसपेक्षा छोटी गाडी बरी, थांबायला जागा सहज मिळते. पासपोर्ट खिशात ठेवा. ही सहल पहिल्याच रात्री घ्या, शेवटच्या नाही. नाही दिसलं तर पुन्हा प्रयत्नाला रात्री उरतात. अबिस्कोत मात्र गाडीची गरज नाही, दिव्यांपासून लांब सरोवराच्या काठाला चालत गेलं की झालं.

संध्याकाळी सातपासून रात्री एकपर्यंतचा वेळ द्या. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात, फोनचा पांढरा उजेड ते क्षणात घालवतो. डोक्यावरच्या टॉर्चला लाल दिवा असेल तर तोच लावा. उत्तरेकडेच बघत राहू नका. ध्रुवतारा डोक्यावर असलेल्या या जागेत अरोरा माथ्यावर येतो, दक्षिणेलाही येतो.

सुरुवातीला तो हिरवा दिसतच नाही. क्षितिजावर राखाडी, पातळ ढगासारखी कमान असते आणि पुष्कळ जण तिला ढग समजून गाडीत परततात. शंका आली तर फोन स्थिर धरून तीन सेकंदांचा फोटो काढा. हिरवा आला तर अरोरा. ती कमान तासभर तशीच निपचित पडून राहते. मग तिची खालची कड हळूहळू उजळते, एका टोकाला दुमड पडते, आणि ती दुमड कमानीवरून पळत सुटते. कमान फुटते, उभे पडदे सुटे होऊन हलायला लागतात, माथ्यावर आले तर सगळे किरण एका बिंदूतून खाली ओतल्यासारखे दिसतात. हा भर पाच ते पंधरा मिनिटांचा. नंतर आभाळभर फिकट ठिगळं उघडझाप करत राहतात. पुष्कळदा दीड-दोन तासांनी पुन्हा तोच क्रम होतो. कमान दिसली असेल तर हॉटेलवर परतू नका.

चंद्राची काळजी नको. पौर्णिमेला फिकट अरोरा पुसट होतो, पण बर्फाचे डोंगर उजळून निघतात आणि फोटो जास्त चांगले येतात.

फोटो

ट्रायपॉड हवाच, फोनसाठीही. कॅमेऱ्यावर १४ ते २४ मिलिमीटरची लेन्स, एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००. अरोरा संथ असेल तर ८ ते १५ सेकंद, पळत असेल तर १ ते ४. फोकस हाताने: ठळक ताऱ्यावर स्क्रीन मोठी करून तारा टिंबाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा, मग त्यावर चिकटपट्टी लावा. थंडीत रिंग सरकते आणि सगळी रात्र धूसर येते. लेन्सवरचा फिल्टर काढा. नाहीतर अरोराच्या एकाच रंगाच्या प्रकाशामुळे फोटोच्या मधोमध गोल कडी उमटतात. लेन्सजवळ श्वास सोडू नका, वाफ लगेच गोठते.

बॅटरी थंडीत अर्ध्या वेळात संपते. दोन जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. संपल्यासारखी वाटलेली बॅटरी ऊब मिळाली की परत थोडी चालते. खोलीत शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवाबंद करा आणि दोन तास उघडू नका. नाहीतर खोलीतली ओल गार काचेवर आणि आतल्या सर्किटवर धरते. मेमरी कार्ड मात्र आधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायला पिशवी उघडावी लागत नाही.

दिवसा काय

कुत्र्यांची गाडी नक्की घ्या, तीही स्वतः हाकायची. एका स्लेजवर दोघं: एक बसलेला, एक मागे लाकडी पट्ट्यांवर उभा, मध्यावर अदलाबदल. कुत्रे चित्रातल्यासारखे केसाळ नसतात, बहुतेक अलास्कन हस्की, सडपातळ. निघण्याआधी कानठळ्या बसतील इतके भुंकतात, दोर सुटला की एकदम गप्प होऊन धावतात. नियम थोडेच आहेत. दांडी कधीही सोडायची नाही, पडलात तरी. कुत्रे तुमच्यासाठी थांबत नाहीत. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून दोर ताणलेला ठेवायचा, नाहीतर स्लेज मागच्या कुत्र्यांच्या पायांवर जाते. वळणावर आतल्या बाजूला झुकायचं. चढावर उतरून ढकलायचं, कुत्रे मागे वळून बघतात तेव्हा त्यांना तेच हवं असतं.

स्नोमोबाइल चालवायला चारचाकीचा परवाना लागतो, मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही न्या. मोडतोड झाली तर ठरावीक रकमेपर्यंत भरपाई तुमच्या खिशातून जाते, सही करण्याआधी ती रक्कम वाचा. नॉर्वेत चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.२ प्रति हजार आहे, म्हणजे एक बिअरही नको.

रेनडिअरच्या सहलीत सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, कुटुंबांकडे जाणं होतं. रेनडिअर पाळणं हे त्यांचं जगणं आहे, देखावा नाही. तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत, असं विचारू नका. बँकेत किती पैसे आहेत असं विचारल्यासारखं ते आहे. बाकी लावॉत, म्हणजे त्यांच्या तंबूत, शेकोटीपाशी बसून जोइक हे त्यांचं पारंपरिक गायन ऐका. ६ फेब्रुवारीला सामी राष्ट्रीय दिन असतो. तारखा जुळल्या तर ट्रोम्सोत थांबा.

अबिस्कोत दिवसा स्नोशू, म्हणजे पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी, घालून चाला. दक्षिणेला लापोर्तेन नावाची यू आकाराची दरी दिसते, हिमनदीने कोरलेली. उणे २० च्या खाली, वारा नसताना हवेतच बर्फाचे कण तयार होऊन तरंगतात आणि उन्हात चमकतात. सूर्याच्या वर-खाली प्रकाशाचा खांब उभा राहतो. काही दिवशी सूर्यास्तानंतर शिंपल्याच्या आतल्या रंगांचे ढग दिसतात, ते १५ ते २५ किलोमीटर उंचीवरचे असतात.

गोठलेल्या सरोवरावर चालायचं तर स्थानिक माणसाने मळलेल्या वाटेवरूनच. फिनलंडमध्ये एका माणसासाठी किमान ५ सेंटीमीटर आणि स्नोमोबाइलसाठी १५ सेंटीमीटर टणक बर्फ धरतात, पण ओढ्याच्या मुखाशी, पुलाखाली आणि लव्हाळ्यांच्या दाटीजवळ तो नेहमीच पातळ असतो. ३० अंशांहून चढ्या उतारांखाली हिमप्रपाताचा धोका असतो; नॉर्वेची ‘वार्सम’ सेवा रोज १ ते ५ असा धोका कळवते. गाडी भाड्याने घेऊन पहिल्या खेपेला स्वतः चालवू नका. खिळ्यांचे टायर असले तरी काळ्या, म्हणजे डांबरावर न दिसणाऱ्या पातळ बर्फावर थांबायचं कसं हे रस्त्यावर शिकायची गोष्ट नाही, आणि रात्री रेनडिअर रस्त्यात उभे असतात.

खाणं

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि रेमा १०००, किवी, कूप या दुकानांतून सामान आणा. शाकाहारी माणसाचं बजेट त्यावरच तरतं. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडवडी घरीच. ताजी भाजी-फळंही नकोत. चिवडा, भाकरवडी, मेतकूट, कोरड्या चटण्या, तयार पोहे-उपम्याची पाकिटं चालतात, सीलबंद न्या. रात्री बाहेर पडताना थर्मासमध्ये गरम काहीतरी आणि खिशात गुळाची चिक्की ठेवा. उपाशी माणसाला थंडी आधी लागते. चिक्की गोठून दगड होते, तेव्हा तीही आतल्या खिशात.

थंडी लागली तर

दर पंधरा मिनिटांनी एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघा. नाक, गाल, कानाच्या पाळीवर पांढरा, मेणासारखा डाग दिसला की ती हिमदंशाची सुरुवात. ज्याला झालाय त्याला कळत नाही, कारण जागा सुन्न असते. उघड्या कोमट तळव्याने झाका, बोटं असतील तर काखेत धरा, आणि आत चला. चोळू नका, बर्फ तर मुळीच नको. खोल गेलेला असेल तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता उरली नसेल तेव्हाच. माणूस कुडकुडायचा थांबला, जीभ अडखळायला लागली, चाल डगमगली तर शरीराचं तापमान उतरतंय: ओले कपडे काढा, कोरडे घाला, गोड गरम प्यायला द्या, दारू देऊ नका. रुग्णवाहिकेसाठी नॉर्वेत ११३, स्वीडन-फिनलंडमध्ये ११२.

निघताना बर्फाचे बूट पायातच घाला आणि एक जोड थर्मल, मिटन्स, कानटोपी, औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. दोन-तीन विमानं बदलून जाताना सामान एक दिवस मागे राहणं अगदी नेहमीचं आहे, आणि ट्रोम्सोची पहिली मोकळी रात्र कदाचित त्याच दिवशी असेल.